ओठ हलवू नका

आधीच सांगते, मी रागीट बाई आहे. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली निम्मी बाळंतपणाच्या खोलीत गेली, आणि तिथं गोड बोलून कुणाचं भलं होत नाही. तेव्हा माझ्या भाचीची ही हकीकत थंड डोक्यानं ऐकायला मिळेल अशी आशा कुणी ठेवू नये. गोष्ट गेल्या पावसाळ्यातली आहे आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

भाची म्हणजे पंचशीला, माझ्या थोरल्या भावाची, आश्रुबादादाची, एकुलती एक मुलगी. वय अठ्ठावीस. ती चार वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली. माजलगावात माझं घर दादाच्या घराला लागून आहे, मधे एक भिंत, म्हणून ती दोन्ही घरांत वाढली. कालवण जिथं चांगलं तिथं जेवायची आणि रुसायला दुसऱ्या घरी जायची. दादा पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होता. धरणातून पाणी सुटलं की चारीची, म्हणजे कालव्याच्या फाट्याची, दारं उघडायची, मिटायची, आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतंय का ते बघत सायकल हाणायची, यात त्याची हयात गेली. त्याला सही येते, वाचता येत नाही. आमच्या बापानं पोरांची वाटणी केलेली, एक ढोरं राखायला आणि एक शाळेत. दादा थोरला, म्हणून ढोरं त्याच्या वाट्याला आली आणि शाळा माझ्या. त्यानं त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. मात्र घरात आलेला कागद त्याला वाचून दाखवायचा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, यात कुणाला सूट नाही.

"एकट्यानं वाचनं म्हंजी एकट्यानं खानं," असं तो म्हणतो.

पंचशीला वाचायला शिकली ती अशा घरात. विजेचं बिल, माझ्या गोळ्यांच्या पाकिटातली चिठ्ठी, भज्याखालचा तेलकट पेपर, सगळं मोठ्यानं. मनातल्या मनात वाचणं हा प्रकार आमच्याकडं कुणी करताना तिनं पाहिलाच नव्हता. नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला विहारात वाचायला बसवलं. आमच्यात आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. वाचणारा एक, ऐकणारी सगळी वस्ती. ऐकणाऱ्या बायकांत निम्म्यांना अक्षर येत नाही, पण वर्षानुवर्षं ऐकून ऐकून ग्रंथ असा पाठ झालाय की वाचणाऱ्यानं एक ओळ गाळली तरी कोपऱ्यातून आवाज येतो, "मागून घे!" शिकायला आणि नोकरीला बाहेर होती ती वर्षं सोडली तर दरसाल पंचशीलाच वाचते.

अकरा वर्षांची असताना मी तिला रेशनच्या रांगेत उभं केलं होतं. दुकानात आत, तेलाच्या डब्यांमागं एक फळा होता, त्यावर कुठल्या कार्डाला किती धान्य ते लिहिलेलं. तिनं सवयीनं वाचला. खणखणीत. रांगेतल्या तीस-चाळीस माणसांना पहिल्यांदाच कळलं की आपल्याला गहू किती आणि तांदूळ किती मिळायला पाहिजेत. दुकानदार फळा उतरवायला धावला, पण तोवर पोरगी खालच्या तारखेपर्यंत पोचली होती. त्या महिन्यात आमच्या वस्तीला पुरं धान्य मिळालं.

पुढं ती इंजिनिअर झाली, पुण्यातल्या एका कंपनीत लागली, आणि लॉकडाऊनमध्ये घरी आली ती इथूनच काम करू लागली. कामाचं नाव डेव्हऑप्स. मला काही उमगलं नाही, पण दादाला तिनं बरोबर समजावलं.

"आबा, सॉफ्टवेअर लिव्हनारे येगळे. त्यांनी लिव्हल्यालं गिऱ्हाइकापर्यंत नीट पोचतंय का, कुटं फुटलंय का, कुटं तुंबलंय का, ते बगायचं काम माजं."

"मंग चारीवरली चौकीदारीच म्हन की," दादा म्हणाला. पोरगी आपल्याच खात्यात लागल्यासारखा तो त्या दिवशी खुश होता.

काम करतानाही तिचं तोंड चालूच. पडद्यावर जे येईल ते ती वाचायची. आमची गल्ली अरुंद, खिडकी रस्त्यावर. समोरची बायनाबाई ओट्यावर मेथी निवडता निवडता ऐकायची आणि येता जाता विचारायची, "आज कोन्तं मशीन पडलं गं?" पंचशीला तिला खरंखुरं उत्तर द्यायची. बायनाबाईला सर्व्हर कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण कुठला सर्व्हर नेहमी दगा देतो ते तिला पक्कं माहीत होतं.

आता रागाचं कारण सांगते.

तिच्या कंपनीला परदेशी गिऱ्हाइकाचं एक मोठं काम मिळालं. त्याच गिऱ्हाइकाचं छोटं काम पंचशीला दोन वर्षं एकटी सांभाळत होती. मोठ्या कामाचं प्रमुखपद तिला मिळणार हे उघड होतं. पण साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाची अट आहे, प्रमुखाकडं डेव्हऑप्सच्या वरच्या पायरीचं प्रमाणपत्र पाहिजे, सप्टेंबरअखेर. नसेल तर प्रमुखपद पुण्यातल्या एका पोराला. त्या पोराकडं प्रमाणपत्र होतं. काही अडलं की तो पोरगा पंचशीलाला फोन लावायचा, आणि ती वाचून सांगायची तसं बटण दाबायचा. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. कागद त्याच्याकडं आणि अक्कल हिच्याकडं, असा तो संसार होता.

"घेते की मंग कागद," पंचशीला म्हणाली.

चार महिने तिनं अभ्यास केला. ही परीक्षा आपल्यासारखी प्रश्न-उत्तराची नसते. दोन तास, सोळा कामं. पडद्यावर तुमच्यासमोर बिघडलेली यंत्रणा ठेवतात आणि ती दुरुस्त करायची. म्हणून ती रोज दुपारी मुद्दाम स्वतःची यंत्रणा मोडायची आणि घड्याळ लावून जोडायची. घड्याळ दादाकडं. त्याला अक्षर येत नाही पण काटा कळतो. ओट्यावरून ओरडायचा, "सात मिन्टं झाली गं!" आतून ती वाचतेय, बाहेरून हा मोजतोय, समोरून बायनाबाई विचारतेय की जुडलं का. सात मिनिटांचं काम ऑगस्टपर्यंत तिनं चारवर आणलं होतं.

परीक्षा घरी बसूनच द्यायची. कॅमेऱ्यातून कुणीतरी परका माणूस दोन तास नजर ठेवणार. खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर काही नको, भिंतीवर लिहिलेलं काही नको. नियमांचं पत्र आलं, इंग्रजीत, बेचाळीस कलमं. तिनं आम्हाला सगळी वाचून दाखवली, मराठीत अर्थ सांगत. त्यात एक कलम असं होतं की परीक्षेत मोठ्यानं वाचू नये. ते कलमही तिनं मोठ्यानंच वाचलं! आम्ही तिघं तिथं बसलेलो, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

"मोट्यानं न्हाई वाचनार. ओटातल्या ओटात वाचीन," ती म्हणाली आणि पुढच्या कलमाकडं गेली.

तेहतीस वर्षं मी पेशंटच्या तोंडाकडं बघून दुखणं ओळखत आले आणि घरातली ही गोष्ट मला दिसली नाही. त्याचा राग मला आधी स्वतःवर आहे, मग इतरांवर.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोनला परीक्षा. खोली झाडून-पुसून मोकळी केली. कॅमेऱ्यातल्या माणसानं चारी भिंती दाखवायला लावल्या, कॅलेंडर उतरवायला लावलं. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना त्यानं हरकत घेतली नाही, नाहीतर परीक्षा तिथंच संपली असती. दार लावलं. बाहेर ओट्यावर मी आणि दादा राखणीला. भंगारवाल्याला मी कोपऱ्यावरूनच परत लावलं. बायनाबाईनं कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजत घातली. गल्लीत चिटपाखरू बोलत नव्हतं.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दार उघडलं.

"झाली?" दादानं विचारलं.

"त्यांनी बंद केली."

तिचा चेहरा पांढराफटक होता, मग हळूहळू लाल झाला. तिनं सांगितलं ते असं. नवव्या मिनिटाला पडद्यावर ओळ आली, ओठ हलवू नका. तिनं ओठ मिटले. पण हातात काम आलं की ओठ आपोआप हलायचे, श्वास घेतल्यासारखे. पुन्हा ओळ आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं लिहून कळवलं की मी कुणाशी बोलत नाही, वाचतेय. उत्तर आलं, उमेदवार खोलीतल्या दुसऱ्या व्यक्तीशी बोलत असल्याचा संशय, परीक्षा समाप्त. सोळांतली नऊ कामं तिची तोवर झाली होती.

"खोलीत दुसरं कोन व्हतं, आत्या?" ती मला विचारत होती, जसं काही मीच तो कॅमेऱ्यातला माणूस. "कोन व्हतं सांग ना! कुनाला इचारत व्हते मी?"

मी त्या माणसाला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. बायनाबाईनं कानावर हात ठेवले होते एवढं सांगते. तो माणूस कुठल्या देशात बसला होता कुणाला ठाऊक, माझं त्याच्यापर्यंत पोचलं नाही याचंच वाईट वाटतं.

खरी आग दुसऱ्या दिवशी लागली. परीक्षेची फी कंपनीनं भरलेली, म्हणून निकालाची प्रत कंपनीलाही गेली. त्यात नापास लिहिलेलं नव्हतं. गैरवर्तन लिहिलेलं होतं. साहेबांचा फोन आला, आवाज असा मऊ की त्याचीच चीड यावी. म्हणे, पंचशीला, असं व्हायला नको होतं, पण होतं माणसाकडून. कॉपी केली असं ते म्हणाले नाहीत, पण नाही केली असंही म्हणाले नाहीत. फोन ठेवून ती खोलीत जी बसली ती संध्याकाळी विहारात जायच्या वेळेलाच उठली. त्या दिवशी तिनं ग्रंथ इतक्या जोरात वाचला की रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

तिनं परीक्षावाल्यांना तक्रारीवर तक्रार लिहिली. सहा दिवसांनी उत्तर आलं. आणखी एक संधी देतो, पण ओठ हललेले दिसले तर ती शेवटची. आणि खाली एक ओळ होती की ओठ हलण्यामागं काही वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, वेगळी परवानगी मिळेल.

ती ओळ ऐकली आणि मला वाटलं, लॉटरी लागली. डॉक्टर म्हणजे आपलं घर! मी तडक ओळखीच्या एका तरुण डॉक्टरकडं गेले. त्यानं पंचशीलाला न बघताच दोन परिच्छेद खरडले, खाली शिक्का मारला. सिस्टर मागतात म्हटल्यावर त्यानं नाही म्हटलं नाही. मी तो कागद पदराखाली धरून पेढे आणल्यासारखी घरी आले.

पंचशीलानं कागद हातात घेतला. वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला थांबली. ती वाचता वाचता थांबलेली मी तोवर पाहिली नव्हती. तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"आत्या, तू वाच. मोट्यानं वाच. आबाला ऐकू दे."

मी वाचायला लागले. सदर रुग्ण पंचशीला आश्रुबा, वय अठ्ठावीस. सदर रुग्णास बालपणापासून वाचनासंबंधी दोष असून मानसिक विकासातील. . . पुढचं वाचवेना. एवढ्या केसपेपरांवर मी असले शब्द डोळे झाकून वाचले होते. आता मी कागद मिटला.

"पुडं," दादा म्हणाला.

"पुढं काही नाही, दादा. शिक्का आहे."

"मी कशानं आजारी हाय?" पंचशीला म्हणाली. ती ओरडत नव्हती, त्यामुळं जास्त लागलं. "रेशनच्या दुकानात वाचलं ते आजारपन व्हतं? इहारात वाचते ते आजारपन हाय? तू आनलंस हे, आत्या. तू! तुजी औशिदाची चिठ्ठी मी वाचत व्हते तवा तुला न्हाई वाटलं मी बीमार हाय?"

मला उलट बोलायची सवय आहे. त्या दिवशी मी नुसता चष्मा काढून पुसत बसले.

दादानं आमच्या बापाची गोष्ट काढली. मला ती अर्धीमुर्धी ठाऊक होती, पण ती मी कधीच नीट ऐकून घेतली नव्हती. आमचा बाप सिदू धर्मांतरानंतर, तिशीत, रात्रीच्या वर्गात बसून वाचायला शिकला. मग वस्तीच्या तोंडाशी दगडावर बसून रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायचा, मोठ्यानं, सगळ्यांसाठी. रस्ता तिथूनच जायचा. ज्याच्या शेतावर तो सालगडी होता त्या बड्या माणसानं निरोप धाडला.

"म्हनला, सिदूला सांगा, वाचायचं तर तोंडातल्या तोंडात वाच. रस्त्यानं लोक जातेत," दादा म्हणाला. "बानं दुसऱ्या दिवशी लई जोरात वाचलं. तिसऱ्या दिवशी आमी गाव सोडून माजलगावला आल्तो. मी म्होरं गाय घिऊन, तू आईच्या कडंवर."

मी कागदाचे चार तुकडे केले आणि चुलीपाशी टाकले.

"मंग आता?" दादानं विचारलं.

"मंग तोंड मिटून देते परीक्षा," पंचशीला म्हणाली. "नापास मानसाची तकरार कुनी वाचत न्हाई. आदी पास व्हते, मंग बोलते."

एकोणीस दिवस हातात होते. सोळा कामं तिला येतच होती. शिकायचं होतं ते तोंड गप्प ठेवायला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, इंजिनिअर झालेल्या मुलीनं! पहिले दोन दिवस तिनं ओठांना चिकटपट्टी लावून पाहिली, पण पट्टीच्या आत ओठ हलायचे ते हलायचेच. मग तिनं आपली युक्ती काढली. पाण्याचा घोट तोंडात धरायचा आणि कामाला बसायचं. ओठ हलले की पाणी सांडणार. पहिल्या दिवशी तिचा गळा, ओढणी, टेबल, सगळं ओलं. तिसऱ्या दिवशी कीबोर्ड बुडाला आणि मेला. दादानं शेजारच्या दुकानातून दुसरा आणला आणि त्यावर जुन्या सलाईनच्या पिशवीचं प्लास्टिक मी पसरलं. पाचव्या दिवशी एक काम न सांडता झालं. बाराव्या दिवशी सहा.

पण तिची गती गेली. चार मिनिटांचं काम पुन्हा सातवर गेलं. दादा ओट्यावरून मिनिटं सांगायचा बंद झाला, कारण आकडा ऐकला की ती दचकायची आणि पाणी गिळायची. वाचलेलं तिच्या डोक्यात टिकत नव्हतं. मला म्हणाली, "आत्या, कानावर आल्याबिगर मला खरं वाटत न्हाई गं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात त्या कॅमेऱ्यातल्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

गल्ली सुनी पडली. चौथ्या दिवशी बायनाबाई माझ्या घरी आली, दबक्या आवाजात विचारू लागली की बाप-लेकीत भांडण झालंय का, पोरगी काहून बोलंना. विहारातलं वाचनही तिनं बंद ठेवलं. दिवसभर शिकलेलं संध्याकाळी पुसलं जाईल म्हणाली. तिच्या जागी मी बसले. लसीकरणाच्या रजिस्टरवर नावं पुकारावीत तसं माझं वाचन, घाईघाईत. बायकांनी मला एका संध्याकाळी अकरा वेळा अडवलं. शेवटी मी चिडून चष्मा काढला आणि म्हणाले, तुम्हीच म्हणा मग पाठ. त्या म्हणाल्या, पंचशीला कधी येनार ते सांग.

दुसरी परीक्षा सप्टेंबरच्या चोविसाव्या तारखेला, पुन्हा दुपारी दोनला. पुन्हा तीच खोली, पुन्हा भिंती दाखवल्या, पुन्हा आम्ही ओट्यावर. मी घड्याळाकडं बघत होते. एक्केचाळिसावं मिनिट गेलं. दार उघडलं नाही. दादानं माझा हात धरला, मी विसरलेच होते की हा माणूस कुणाचा हात धरतो. तीन वाजले. साडेतीन झाले. चार वाजून गेल्यावर दार उघडलं.

ती उभी होती, खालचा ओठ दातात धरलेला. तसाच. परीक्षा संपली हे तिच्या दातांना अजून कळलं नव्हतं. मी जवळ जाऊन तिचा जबडा दोन बोटांनी सोडवला, जसा फिट आलेल्या पेशंटचा सोडवतात. ओठ दोन ठिकाणी फुटला होता, हनुवटीपर्यंत रक्त आलेलं. दोन तास तिनं ते गिळलं होतं. कॅमेऱ्यातल्या माणसाला ते दिसलं असणार, दिसण्यासाठीच तो बसला होता. ओठ हलत नव्हते, म्हणून त्याची काही तक्रार नव्हती.

मी दोन टाके घातले असते, पण औषध लावूनच भागलं. दादा आत जाऊन बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी उभा राहिला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पास. शंभरात शहाऐंशी. साहेबांचा फोन आला, आवाज तसाच मऊ. प्रमुखपद तिला मिळालं. पुण्याच्या त्या पोराचा अभिनंदनाचा निरोप आला आणि त्याखालीच एक शंका. तिनं शंकेचं उत्तर दिलं. पहिल्या परीक्षेवरचा गैरवर्तनाचा शेरा मात्र तसाच राहिला. नियमानुसार तो पाच वर्षं राहतो म्हणे.

निकालाच्या खाली परीक्षावाल्यांनीच विचारलं होतं, तुमचा अनुभव कसा होता, आम्हाला जरूर कळवा.

"आता बोलते," पंचशीला म्हणाली. ओठ सुजलेला, त्यामुळं शब्द जड येत होते.

तिनं इंग्रजीत पत्र लिहिलं आणि रविवारी सकाळी ओट्यावर बसून मराठीत वाचून दाखवलं. दादा, मी, बायनाबाई, विहारातल्या आठ-दहा बाया. पत्रात होतं, "मी तुमच्या परीक्षेला दोनदा बसले. पहिल्यांदा मी तोंड उघडं ठेवून बसले आणि तुम्ही मला चोर ठरवलं. दुसऱ्यांदा मी स्वतःचा ओठ फोडून बसले आणि तुम्ही मला हुशार ठरवलं. मला दोन्ही दिवशी सारखंच येत होतं. ज्या घरात एकालाच वाचता येतं, त्या घरातल्या माणसाचे ओठ हलणारच. तो आजार नाही आणि लबाडीही नाही. माझ्या नावावरचा शेरा काढा आणि तुमचा नियम बदला."

बायनाबाई म्हणाली, चोर हा शब्द पुन्हा एकदा घाल, एकदा म्हटल्यानं त्यांना लागायचं नाही. एकीनं सांगितलं, रक्त आलेलं लिही. दादा म्हणाला, "माज्या बाचं नाव घाल. सिदूचं. त्यानं काय केलं ते बी लिव्ह." तिनं सगळं घातलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि सगळ्यांनी हो म्हटल्यावर पाठवलं.

मिनिटभरात टिंग वाजलं. उत्तर! बाया सरसावून बसल्या. पंचशीलानं फोन उचलला आणि वाचलं, "आपण वेळ काढून लिहिल्याबद्दल आभार. या पत्त्यावर आलेली पत्रं वाचली जात नाहीत."

"म्हंजी?" बायनाबाईनं विचारलं.

"म्हंजी कुनीच वाचत न्हाई."

"मंग इचारलं कशाला?" बायनाबाई भडकली.

दादा उठला. त्याला मी आयुष्यात दोन-तीनदाच तापलेला पाहिलाय. "मंग वाचनारा कुटं बसतोय, त्याचा पत्ता काढ," तो म्हणाला. "कुटंतरी कुनीतरी असंलच की. त्याला धाड."

ती पत्ते काढतेय. आजपर्यंत सात ठिकाणी सात पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. आठवं काल तिनं ओट्यावर वाचून दाखवलं. पहिल्यापेक्षा लई कडक आहे.